मॉर्फिन, कायदा आणि रुग्णसेवक

मॉर्फिन अफूपासून काढतात. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर ते फार प्रभावी औषध होय. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची लागवड होते. तरीही याच देशातील असंख्य रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले, ही स्थिती विचित्रच म्हटली पाहिजे.

व्यसन व चोरटा व्यापार यांना आळा घालण्यासाठी 1985 साली अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. त्यात अनेक अपराधांना किमान 10 वर्षे सक्तमजुरीची शिक्षा होती. नियम राज्याराज्यांत निराळे होते. औषध बाळगणे, परराज्यातून आणणे, त्याची वाहतूक करणे यांसाठी वेगवेगळे परवाने लागत, आणि एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. परिणामी वर्षाला सुमारे 600 किलोग्रॅम असलेला मॉर्फिनचा वापर 1997 साली अवघ्या 18 किलोग्रॅमच्या आसपास आला.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मोठ्या रुग्णालयाला परवान्यांच्या कामासाठी कारकून नेमता येतो. आडगावच्या डॉक्टराला ते साधत नाही. नोंदवहीतील एखादी चूक तुरुंगात नेईल, या धास्तीने कित्येक डॉक्टरांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढे तर ते कसे द्यावे हे न शिकताच विद्यार्थी डॉक्टर होऊ लागले. कायदा पुढे बदलला, तरी ही उणीव लवकर भरून येणारी नव्हती.

2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली व मॉर्फिन ‘अत्यावश्यक’ औषधांत गणले गेले. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टराला मात्र स्वतःजवळ सामान्यतः 500 मिलिग्रॅमपर्यंतच साठा ठेवता येतो. दिवसाला 60 मिलिग्रॅम लागणाऱ्या एकाच रुग्णाला तो जेमतेम आठ दिवस पुरेल. अधिक साठ्यासाठी विशेष आदेश लागतो.

राहिली परिचारिका. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची वेदना पुष्कळदा तीच प्रथम पाहते. परंतु मॉर्फिनची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार तिला नाही. युगांडात डॉक्टरांची संख्या फार अपुरी असल्याने 2004 साली विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना तो अधिकार देण्यात आला. भारतातील परिचारिकेला मात्र मात्रा वाढविण्यासाठीही डॉक्टराच्या आदेशाची वाट पाहावी लागते.