उंबरठ्यापासून कचेरीपर्यंत : कोल्हापूर शहर आणि वृद्ध नागरिक

नगराच्या प्रगतीचा आढावा घेताना रस्ते, पाणीपुरवठा, बाजारपेठा आणि उद्योग यांचा हिशोब प्रामुख्याने मांडला जातो. परंतु नगरव्यवस्थेची आणखी एक साधी कसोटी आहे. सत्तरी ओलांडलेली व्यक्ती कोणाचाही हात न धरता घराबाहेर पडून, आपले काम उरकून, सुखरूप परत येऊ शकते काय? या कसोटीवर कोल्हापूर शहराचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. त्या वेळी कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार होती. राज्याचे सरासरी प्रमाण शहराला लावले, तर ५० हजारांहून अधिक वृद्ध नागरिक या एका शहरात होते असे म्हणावे लागेल. आयुर्मान वाढत असल्यामुळे हे प्रमाण त्यानंतर वाढतच गेले आहे. शिक्षण व नोकरीसाठी मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली, आणि घरात दोघेच, कित्येकदा एकटेच माणूस उरले, असे चित्र आता घरोघरी दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने जगातील ३३ शहरांतील वृद्धांशी विचारविनिमय करून २००७ साली वयस्नेही शहरांविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. या शहरांत आपल्याकडील दिल्ली आणि उदयपूर यांचा समावेश होता. मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, निवास, सामाजिक सहभाग, मानसन्मान, नागरी कार्य व रोजगार, माहितीची उपलब्धता आणि आरोग्यसेवा अशी आठ अंगे तीत सांगितली आहेत. यांपैकी बहुतेक अंगांचा संबंध स्थानिक संस्थांच्या दैनंदिन कारभाराशी येतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

शहराचे जुने भांडवल

या आठांपैकी काही अंगांनी कोल्हापूर मुळातच संपन्न आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या वस्त्यांत तालमीचा कट्टा, देवळाचे आवार आणि कोपऱ्यावरचे दुकान हाकेच्या अंतरावर असते. रोज सकाळी दुधाला येणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर दुकानदार चौकशी करतो. रंकाळ्याच्या काठावर पहाटे फिरायला जाण्याचा परिपाठ कित्येकांनी वर्षानुवर्षे जपला आहे. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी संस्था निवृत्तांना ग्रंथांची आणि समवयस्कांची सोबत देते. ही शेजारव्यवस्था कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविली जात नाही; पण ती मोडली तर भरून काढणे महागात पडते. उपनगरांतील नव्या वसाहतींत घरे प्रशस्त आहेत, मात्र कट्टा नाही आणि ओळखही नाही. नव्या अभिन्यासास मंजुरी देताना बसण्याची सावलीची जागा आग्रहाने मागून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

योजना आहेत, वाट अवघड आहे

वृद्धांसाठी कायदे आणि योजना यांची आज वाण नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली संमत झाला. त्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नाही अशा अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. अर्जदार असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था तो करू शकते. श्रावणबाळ योजनेचे अर्थसाहाय्य २०२३ साली दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ च्या ऑगस्टपासून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी पात्र व्यक्तींना एकवेळ ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली, आणि त्याच वर्षी ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली आणण्यात आले.

आता एक उदाहरण घेऊ. आजरा किंवा चंदगड तालुक्यातील ७६ वर्षांच्या आजीबाई छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या सी.पी.आर.मध्ये यावयास निघाल्या. एस.टी.ने त्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत विनामूल्य आल्या. तेथून दसरा चौकमार्गे रुग्णालय फार दूर नाही. परंतु त्यांच्या दृष्टीने खरा प्रवास येथूनच सुरू होतो. शहर बसची पायरी उंच, पदपथावर वाहने उभी, रस्ता ओलांडण्यास वेळ अपुरा, वाटेत टेकण्यास बाक नाही आणि स्वच्छतागृह कोठे आहे ते विचारावे लागते. अशी वाट वाट्याला आली, की पुढच्या तपासणीस येण्याचे त्या टाळतात. औषध मोफत असूनही उपचार खंडित होतो. अर्थात योजनेवरचा खर्च झाला, पण फळ हाती आले नाही.

वाहतूकशास्त्रात पादचाऱ्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. या वेगाने १२ मीटर रुंदीचा रस्ता १० सेकंदांत ओलांडता येतो. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्यास त्यासाठी १५ सेकंद लागतात. हे पाच सेकंद देण्यास पैसा लागत नाही. कचेरीच्या दारातील एक फूट उंचीच्या पायऱ्यांसाठी १२ फूट लांबीचा उतार पुरतो. जिन्याला कठडा, रांगेजवळ चार बाक आणि मोठ्या अक्षरांतील फलक हीदेखील अल्प खर्चाची कामे आहेत. हयातीच्या दाखल्याच्या वेळी झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही नेहमीची अडचण आहे. अशा वेळी वृद्धास परत न पाठविता अन्य मार्गाने ओळख पटविण्याची मोकळीक कर्मचाऱ्यांस असावी.

महापुराचा धडा

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेच्या महापुराने शहराची परीक्षा घेतली. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते; २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सखल भागातील कुटुंबांना हलविताना तरुण माणसे स्वतःहून बाहेर पडतात. मागे राहतो तो अंथरुणास खिळलेला, कानाने अधू किंवा घर सोडण्यास नाखूष असा वृद्ध. अशांची नावे, त्यांची नित्याची औषधे आणि त्यांना उचलून आणणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे प्रत्येक प्रभागात पावसाळ्यापूर्वीच लिहून ठेवली, तर ऐन रात्री होणारी धावपळ टळेल आणि प्राणही वाचतील. पूरग्रस्त गावांच्या ग्रामपंचायतींनाही हा उपाय लागू आहे.

कोणी काय करावे

प्रत्येक कार्यालयप्रमुखाने वर्षातून एकदा सत्तरीच्या एखाद्या नागरिकाला सोबत घेऊन बसथांब्यापासून आपल्या टेबलापर्यंत चालून पाहावे आणि अडलेल्या जागांची यादी करावी. शिक्षकांना नागरिकशास्त्राचा पाठ म्हणून हेच काम विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. मुलांनी आजी-आजोबांबरोबर जाऊन पायऱ्या मोजाव्यात, रस्ता ओलांडण्यास लागणारे सेकंद टिपावेत आणि ती नोंद प्रभाग कार्यालयास द्यावी. पंचायत सदस्यांनी वृद्धांचे अर्ज गावातच भरून, कागदपत्रे तपासूनच पुढे पाठवावीत, म्हणजे तालुक्याच्या गावी दहा खेपा घालाव्या लागणार नाहीत. ज्येष्ठांसाठी असलेला १४५६७ हा मदत क्रमांक ग्रामपंचायतीच्या व रास्त भाव दुकानाच्या भिंतीवर रंगविणे हे तर एका दिवसाचे काम आहे.

घराबाहेर पडणे बंद झाले की माणसाचा व्यवहार, मैत्री आणि उपचार ही तिन्ही एकदमच आटतात, आणि तो स्वतःच्याच घरात परावलंबी होतो. शासनाने कचेरीपर्यंत आणलेली मदत आणि वृद्धाचा उंबरठा यांमधील अंतर स्थानिक संस्थांनी पुढाकार घेऊन कमी केले, तर आज मंजूर असलेल्या तरतुदींतूनच पुष्कळ साधता येईल.