यंत्रमानवाचा लगाम

'फर्स्ट' या संस्थेने विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांचे सामने अमेरिकेत १९९२ साली सुरू केले. यंत्रमानव मैदानात झुंजतो. चालक मुले पारदर्शक भिंतीआड उभी असतात. तेथील अरुंद फळीवर त्यांचा संगणक व चालनदांडे असतात. यंत्रमानव भिंतीवर आदळला की फळी हादरते. मैदानाकडे जाणारी तार त्या वेळी निसटली, तर ते धिप्पाड यंत्र जागीच निश्चल होते!

म्हणून जाणती मुले स्वतःच लाकडी पाट घडवितात. संगणक त्यावर घट्ट आवळतात, तारा बांधून टाकतात आणि पाटाच्या तळाला वेल्क्रो लावून तो फळीला जखडतात. कळा निरनिराळ्या आकारांच्या बसवितात. कारण चालकाची दृष्टी मैदानावरून ढळता कामा नये, कळ बोटांनीच ओळखावी लागते. सरावाच्या वेळी संगणकाची सर्वांत लांब कळ मात्र आणीबाणीची. ती चुकून दाबली गेली, तरी यंत्रमानव तत्काळ थांबतो. म्हणून हात टेकण्याची जागा तिच्यापासून दूर ठेवतात.