मळ काढ, वय काढू नकोस

जुना पाइप दुरुस्त करायला बसतो आहेस, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. त्याच्यावरचा मळ काढायचा, वय काढायचं नाही. पुढचं सगळं यातूनच निघतं. आणि या छंदासाठी तंबाखू ओढावी लागत नाही. ती सवय शरीराची हानीच करते. लाकूड, रबर आणि चांदी बोटांनी ओळखण्याची सवय मात्र जन्मभर पुरते.

पहिला पाइप बिननावाचा घे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नजर ठेव. मिळाला की उजेडात धरून बघ. तंबाखू भरायच्या वाटीला आरपार चीर आहे का? बाहेरून एखादी जागा काळी पडून भुसभुशीत झाली आहे का? नखानं दाबून बघ. आतून जळून पोखरलेला पाइप नवशिक्यानं घेऊ नये. काठावरची काजळी पाहून मात्र मागे फिरू नकोस, ती निघते.

वस्तू ओळख, मग औषध लाव. बहुतेक जुने पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी गाठ येते, ते हे लाकूड. ती गाठ तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने सुकवतात आणि मगच कोरतात. फ्रान्समधलं सँ-क्लोद गाव या कामासाठी एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेलं आहे. इतक्या मेहनतीनं सुकवलेलं लाकूड पुन्हा पाण्यात भिजत घालायचं नाही. पांढरा, वजनाला हलका पाइप दिसला तर तो मीरशमचा असेल. तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ हे खनिज निघतं. त्याला अल्कोहोल लावू नकोस आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं चढलेला तांबूस रंग घासू नकोस. तो रंग हेच त्याचं मोल.

नळी थंड असतानाच काढ. तोंडात धरायची नळी घट्ट बसली असेल तर पाइप पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेव. लाकूड आणि रबर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून पकड ढिली होते. मग एकाच दिशेनं हळूहळू फिरवत बाहेर ओढ. वरखाली हलवलीस तर वाटीचा लाकडी दांडा चिरतो.

वाटीतला थर मुळापासून खरवडू नकोस. आत कोळशाचा थर साचलेला असतो. फार जाड झाला तर तापल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि वाटी तडकते. सगळा काढला तर लाकूड उघडं पडतं. दीड मिलिमीटरच्या आसपास राहू दे. बोथट टोकाची सुरी चालेल. टोकदार सुरीनं तळाला भोक पडतं. शेवटी बोटाला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं आतून सारखं कर.

आतला भाग सावकाश धू. वाटीत कापूस भर, ड्रॉपरनं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोड आणि रात्रभर ठेव. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. ताजा कापूस भर, पुन्हा ठेव. तो जवळजवळ पांढरा निघू लागला की थांब. दांड्यातून पाइप क्लीनर फिरवत राहा. अल्कोहोल लगेच पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरात हे काम नको आणि खिडकी उघडी हवी. बाहेरच्या लाकडावर थेंब पडला तर रंग उतरतो, तेवढं जप.

नळीचा हिरवटपणा घासून काढ, ब्लीचनं नको. काळी नळी तपकिरी-हिरवट पडली असेल तर ती बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उजेड आणि हवेनं तिचा वरचा थर बदलतो. ब्लीचनं रंग झटपट जातो, पण पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. त्यापेक्षा वॉटर पेपर ओला करून ६००, १००० आणि २००० नंबरनं क्रमानं घास. ओल्या कागदामुळे भुकटी उडून नाकात जात नाही. घासताना दांड्याला चिकटपट्टी लाव आणि नळी पाइपला जोडूनच ठेव, म्हणजे जोडाची कड गोल होत नाही. नळी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ती अशी हिरवी पडत नाही; पण अल्कोहोलनं तिला बारीक तडे जातात, तिथे साबणाचं कोमट पाणी पुरे.

ठशावर कागद फिरवू नकोस. पाइपची जन्मतारीख तिथेच असते. डब्लिनच्या पीटरसनच्या पाइपवर ‘आयरिश फ्री स्टेट’ असा ठसा दिसला तर तो १९२२ ते १९३७ या काळाकडे बोट दाखवतो, कारण त्या नावाचं राज्य तेवढ्याच काळात होतं. चांदीच्या कड्यावर नांगर असेल तर चांदीची पारख बर्मिंगहॅमला झालेली; शेजारचं अक्षर वर्ष सांगतं. काम सुरू करण्याआधी सगळ्या ठशांचे फोटो काढ. चांदी मऊ कापडानं हलकेच पूस.

मेण शेवटी, आणि थोडंच. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण यासाठी उत्तम. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून हाताच्या उबेनं चिकट होत नाही. पॉलिशचं यंत्र नसेल तर त्याची मऊ पेस्ट घे, बोटानं पातळ लाव, सुती कापडानं चोळ. व्हार्निश मात्र मारू नकोस. पाइप तापला की त्याला फोड येतात.

दुसऱ्याचा पाइप असेल तर आधी विचार. कुणी आपल्या आजोबांचा पाइप घेऊन येईल. नळीवर दातांचे खड्डे असतील. एबोनाइट गरम पाण्यात धरलं की ते मूळ आकाराकडे परत जाऊ लागतं आणि खड्डे बरेच भरून येतात, हे तुला जमेल. पण जमतं म्हणून करू नकोस. त्या घरात कदाचित तीच खूण हवी असेल. एकदा भरलेला खड्डा परत आणता येत नाही. म्हणून मालकाला विचार, उत्तर वहीत लिहून ठेव आणि मगच पाणी गरम कर.