एक पापणी खाली, एक बाहुली बारीक

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत, बरीच वर्षे बिडी ओढतात. दोन महिन्यांपासून त्यांची उजवी पापणी जराशी उतरली आहे, त्या डोळ्याची बाहुली बारीक दिसते. उजवा खांदाही ठणकतो. नजर चांगली आहे. सोयाबीनची सोंगणी उरकल्यावर दाखवले तर चालेल का?
– एक वाचक, रिसोड (जि. वाशिम)

उत्तर : थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. हा हॉर्नर सिंड्रोम असू शकतो. स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. बाहुली मोठी करणारे आणि पापणी किंचित उचलून धरणारे अनुकंपी चेतातंतू लांबच्या वाटेने येतात : मेंदूतून मज्जारज्जूत, छातीत बाहेर पडून फुफ्फुसाच्या टोकावरून मानेत आणि तिथल्या धमनीच्या कडेने डोळ्यापर्यंत. या वाटेत कुठेही इजा झाली, दाब आला, की खूण डोळ्यावर दिसते. खांदादुखी आणि बिडी पाहता फुफ्फुसाच्या टोकाशी गाठ नाही ना, हे आधी तपासावे लागेल.

खोलीत मंद उजेड करून पाहा. निरोगी बाहुली मोठी होते, बाधित बाहुली बारीकच राहते. चेहऱ्याच्या त्या बाजूला घामही कमी येऊ शकतो.

नेत्रतज्ज्ञ थेंब घालून निदान पक्के करतील. छातीचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन मात्र टाळू नका. सोय अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. हीच लक्षणे अचानक, मानदुखीसह आली, तर मात्र तासाभराचाही उशीर नको. मानेतली धमनी आतून फाटलेली असू शकते. बिडी आजच सोडायला लावा.