घरातील ऊब आणि मोकळी हवा : गॅसच्या शेगडीची निवड व निगा

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली व उटनूर परिसर उन्हाळ्यातील कडक उन्हाबद्दल जितका प्रसिद्ध आहे, तितकाच तो हिवाळ्यातील बोचऱ्या थंडीबद्दलही प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष-पौषात येथील रात्रीचे तापमान अनेकदा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. जवळच्या केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते, तेव्हा दूरदूरहून आलेली कुटुंबे उघड्यावर शेकोटीभोवती रात्र काढतात. शेकोटीची ही रीत जुनी असून, उघड्या आकाशाखाली ती निर्धोकही आहे. धोका निर्माण होतो तो हाच विस्तव बंद घरात आणल्याने.

घर बदलले, सवय तीच राहिली

पूर्वीच्या कुडाच्या वा मातीच्या घरास कवेलूंचे छप्पर असे. कवेलूंच्या फटींतून धूर वर निघून जाई व दाराखालून ताजी हवा आत येई. आता अनेक ठिकाणी सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्या असलेली पक्की घरे उभी राहिली आहेत. पावसापासून व विंचूकाट्यापासून ती उत्तम संरक्षण देतात. परंतु थंडीसाठी दारे-खिडक्या लावून घेतल्या की त्यांत हवेचा शिरकाव फारसा होत नाही. जुन्या घरात जी निखाऱ्यांची शेगडी खपून जात असे, तीच नव्या घरात प्राणघातक ठरू शकते.

निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. वस्तुतः धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसास जाग येण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

गॅस स्वच्छ, तथापि हवेवाचून नव्हे

स्वयंपाकाचा गॅस लाकूड-कोळशापेक्षा कितीतरी स्वच्छ जळतो. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे तो खेडोपाडी पोहोचला आहे. परंतु गॅस स्वच्छ जळण्यासाठीही पुरेशी हवा लागते; ती कमी पडली की त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे सहलीस गेलेले केरळचे आठ प्रवासी रात्री बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले होते. त्यांपैकी एकही वाचू शकला नाही. मृतांत चार बालके होती.

असे का घडते हे साध्या गणिताने समजते. सुमारे 3 किलोवॅट उष्णता देणारी शेगडी तासाला अंदाजे 230 ग्रॅम गॅस जाळते आणि त्यासाठी सुमारे साडेसहाशे लिटर प्राणवायू वापरते. 3 मीटर लांब, 3 मीटर रुंद व तितक्याच उंच खोलीत 27 घनमीटर हवा असते. खोली पूर्ण बंद असेल, तर एका तासात तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण 21 टक्क्यांवरून साडेअठरा टक्क्यांच्या आसपास येते. रात्र मात्र आठ तासांची असते.

शिक्षकांनी पेल्याखाली झाकलेली मेणबत्ती विझते, हा प्रयोग या संदर्भात अवश्य दाखवावा. परंतु त्याच वेळी हेही सांगावे की, मेणबत्ती जळत आहे म्हणून खोली सुरक्षित आहे असे समजू नये. ज्योत विझण्यापूर्वीच विषारी वायू घातक प्रमाणात साठू शकतो.

निवड कशी करावी

ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगड्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार थंड देशांतील घरांत आढळतो. ही शेगडी भिंतीत बसविलेली असून तिच्या पुढे काच असते. एका नळीने बाहेरची हवा ज्योतीकडे येते व दुसरीने जळका वायू बाहेर जातो. खोलीतील हवेशी ज्योतीचा संबंध येत नसल्यामुळे हा प्रकार सर्वांत सुरक्षित होय. दुसऱ्या प्रकारात जळका वायू धुराड्यातून बाहेर जातो. मात्र जळण्यासाठी हवा खोलीतूनच घेतली जाते. यास्तव खोलीस कायमचा झरोका आवश्यक आहे. तिसरा प्रकार चाकांवर फिरणाऱ्या, धुराडे नसलेल्या शेगडीचा. ती स्वस्त असते, परंतु जळका वायू खोलीतच सोडते. झोपण्याच्या खोलीत ती कदापि वापरू नये.

कोणतीही शेगडी घेताना ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी योजना तीत आहे काय, हे पाहावे. या योजनेत ज्योतीने तापणारा धातूचा सांधा सूक्ष्म वीज निर्माण करून झडप उघडी ठेवतो. ज्योत विझून तो थंड झाला की झडप मिटते. धुराडे नसलेल्या शेगडीत प्राणवायू कमी होताच ती बंद करणारी योजनाही असावयास हवी.

खर्चाचाही विचार करावा. वर सांगितलेली शेगडी रोज चार तास चालविल्यास 14.2 किलोचा सिलिंडर सुमारे पंधरा दिवसांत संपेल. इंद्रवेल्लीसारख्या ठिकाणी कडाक्याची थंडी थोडेच आठवडे असते व दुपारी ऊन मिळते. अशा स्थितीत अंथरूण-पांघरूण उन्हात तापविणे, जमिनीऐवजी खाटेवर निजणे आणि लहान मुले व वृद्ध यांना लोकरीचे कपडे देणे, हे उपाय बहुतेक कुटुंबांस अधिक परवडणारे आहेत. स्वयंपाकाची गॅस शेगडी खोली तापविण्यासाठी पेटती ठेवणे सर्वथा अयोग्य आहे.

निगा

1. हिवाळ्यापूर्वी दरवर्षी जाणकार कारागिराकडून शेगडी तपासून घ्यावी. धुराड्यात पक्ष्यांची वा गांधीलमाश्यांची घरटी नाहीत याची खात्री करावी.

2. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी पडू लागली किंवा काजळी धरू लागली, तर हवा अपुरी आहे अथवा बर्नर मळला आहे असे समजून वापर थांबवावा.

3. रबरी नळी प्रमाणित चिन्हाची असावी. तिला भेगा पडल्यास ती तात्काळ आणि एरवी तिच्यावरील मुदत संपताच बदलावी. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत. काडी ओढून कधीही तपासू नयेत.

4. सिलिंडर नेहमी उभा व मोकळ्या हवेच्या जागी ठेवावा. थंडीत त्यातील दाब कमी होतो. म्हणून त्यास विस्तवाजवळ नेऊन तापवू नये.

5. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो. यास्तव झरोका वर असावा, तसा जमिनीलगतही असावा. थंडी लागते म्हणून तो बोळे घालून बुजवू नये.

6. निजण्यापूर्वी शेगडी विझवून रेग्युलेटर बंद करावा.

संकटप्रसंगी

गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे. घरातील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा ग्लानी जाणवू लागल्यास तो विषारी वायूचा इशारा समजावा. सर्वांस उघड्या हवेत आणून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे. मोकळ्या हवेत बरे वाटू लागले तरी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

ग्रामसभेत, शाळेत व अंगणवाडीत ही माहिती थंडी सुरू होण्यापूर्वीच दिली गेली पाहिजे. विस्तव पेटविण्यापूर्वी त्यास हवा कोठून मिळेल आणि त्याचा जळका वायू कोठून जाईल, हे दोन प्रश्न प्रत्येक घरात विचारले जावेत. त्यांची उत्तरे मिळत नसतील, तर त्या रात्री पांघरुणाची ऊबच पुरेशी मानावी.