‘प्रोफेसर केळफा’ : एका जाहिरातनामाची संहिता

जादूगारांची जुनी भित्तिपत्रके आपल्या अभ्यासाच्या कक्षेत सहसा येत नाहीत. वस्तुतः प्रयोगाआधीच प्रेक्षकाशी संकेत ठरविणारी ती संहिता होय. अमेरिकन जादूगार हॅरी केलर याच्या १८९४ मधील शिलामुद्रित पत्रकात खांद्यांवर बसलेली लाल पिशाच्चे त्याच्या कानाशी लागलेली दिसतात. तेथे गूढाचा सारा भार चित्रावर आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी जादूच्या प्रयोगांसाठी घेतलेल्या ‘प्रोफेसर केळफा’ या नावात तो लिपीवर येतो. फा-ळ-के उलट वाचले की के-ळ-फा. रोमन वर्ण एकेक करून उलटविल्यास हाती काहीच लागत नाही. ‘अक्षर’ हे एकक मानणाऱ्या वाचकालाच ही हातचलाखी उमगते. नाव परके भासते आणि मूळ नाव डोळ्यांदेखत उघडे असते. ‘प्रोफेसर’ ही उपाधी सर्कसवाले विष्णुपंत छत्रेही लावीत. प्राध्यापकवर्गाने त्याचे वैषम्य मानू नये.

फाळके स्वतः मुद्रणव्यवसायातले. लोणावळ्यास त्यांचा छापखाना होता. जाहिरातीचा शब्द कसा काम करतो, हे ते जाणून होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या सुरतेतील जाहिरातीत ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर तीन आणे, असा हिशेब मांडला होता. चित्रपटाची जाहिरात म्हणून ती चमत्कारिक वाटते. जादूगाराच्या पत्रकाशेजारी ठेवली की तिची जातकुळी ओळखू येते. हरिश्चंद्राच्या सत्त्वापेक्षा फितीची लांबी तेथे अधिक बोलते. पुढे केळफाची जादूही फाळके यांनी पडद्यावर आणली.