शहाजी : एका नांवाची कुळकथा

यंदा सातव्या इयत्तेच्या वर्गांत इतिहासाचा पाठ चालला असतां, शहाजी या नांवांतील ‘शाह’ हा शब्द फारसी आहे, असें आम्हीं सांगितलें. तोंच मागील बाकावरून प्रश्न आला, “सर, मग तें नांव आपलें नव्हेच ना?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याचें उत्तर विद्यार्थ्यांप्रमाणेंच पालकांच्याहि उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहों.

वेरूळचे मालोजीराजे भोसले हे निजामशाहींतील सरदार. अहमदनगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या कृपेनें आपणांस पुत्रलाभ झाला, अशा श्रद्धेनें त्यांनीं थोरल्याचें नांव शहाजी व धाकट्याचें शरीफजी ठेविलें, असें परंपरा सांगते. पैकीं ‘शरीफ’ हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ कुलीन, सन्मान्य. ‘शाह’ म्हणजे राजा. त्यापुढें ‘जी’ हा आपला आदरार्थी प्रत्यय जोडला गेला.

आतां ‘शाह’ शब्दाचें मूळ पाहूं. इराणचा सम्राट दारयवहु यानें इ. स. पूर्वीं ५२० च्या सुमारास बेहिस्तून येथील कड्यावर लेख कोरविला. त्यांत राजा या अर्थीं ‘क्षायथिय’ असा शब्द आहे. तोच पुढें झिजून ‘शाह’ झाला. संस्कृतांतील क्षत्र व क्षत्रिय हे शब्द याच धातुकुळांतले. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत नहपानाची ‘क्षत्रप’ ही पदवी आढळते, तीहि याच कुळांतली. बुद्धिबळाच्या पटावर आपण ‘शह’ देतों, तो हाच शब्द! म्हणजे ज्यास आपण परका समजलों, तो आपलाच दूरदेशीं वाढलेला भाऊबंद ठरला.

शिवाजीमहाराजांनीं राज्यकारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यासाठीं राज्यव्यवहारकोश करविला. भाषेविषयीं ते इतके दक्ष! परंतु वडिलांचें नांव त्यांनीं बदललें नाहीं. उलट, त्यांच्या संस्कृत राजमुद्रेंत ते स्वतःस ‘शाह’ यांचे पुत्र म्हणवितात. पित्याच्या नांवाचा अभिमान तो हाच.

आमच्या तिरोड्याच्या हजेरीपटावरहि हाच प्रकार दिसेल. गुलाबराव या नांवांतील गुलाब फारसी, दौलतरावांतील दौलत अरबी. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतील योहान हें नांव मूळ हिब्रू, तर पेत्र ग्रीक. परंतु हीं नांवें ठेवणारे आईबाप आपल्याच मातींतले, आणि हांक मारणारी जीभहि मराठीच.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत आजीआजोबांजवळ बसून विचारा : माझें नांव कोणीं ठेविलें, आणि कां? मिळेल तें उत्तर वहींत लिहून ठेवा. आणि सोबत्याचें नांव कानांस चमत्कारिक लागलें, तरी त्यास हसूं नका. त्या नांवामागें कोणाच्या तरी आईबापांचें प्रेम उभें असतें.